ऑल्ट+टॅब की वेगळे डेस्कटॉप?

टॅली, एक्सेल, मेल सगळं एकदम उघडं. विंडो बदलायला काय वापरू, असं एका अकाउंटंट मैत्रिणीने विचारलं. विंडोज १० आणि ११ मध्ये ऑल्ट+टॅब आणि वेगळे डेस्कटॉप (एकाच स्क्रीनवर विंडोंचे वेगवेगळे गट) या दोन्ही सोयी फुकट आहेत.

ऑल्ट+टॅब शेवटची वापरलेली विंडो आधी दाखवतं, म्हणून एक्सेल-टॅली ये-जा एका दाबात होते. विंडो दहाच्या वर गेल्या की मात्र नुसती शोधाशोध.

विंडोज+कंट्रोल+डी दाबलं की नवा डेस्कटॉप; डी ऐवजी बाण दाबून अदलाबदल. सवय लागायला वेळ लागतो. पण मग ऑल्ट+टॅबमध्ये, सेटिंग बदललं नसेल तर, त्याच डेस्कटॉपच्या विंडो दिसतात. ही खरी कमाई! रॅम मात्र वाचत नाही.

दोन-तीन विंडोंचं काम असेल तर ऑल्ट+टॅब पुरे. दोन क्लायंटची कामं एकाच वेळी चालत असतील तर वेगळे डेस्कटॉपच घे.