सरकीचे रिफाइंड तेल: तळणीला उत्तम, माहितीला अपुरे

ठाण्यात जांभळी नाक्याच्या किराणा बाजारात सरकीचे, म्हणजे कापसाच्या बियांचे, रिफाइंड तेल एक लिटरच्या पिशवीत आणि पंधरा लिटरच्या डब्यात सहज मिळते. नौपाडा किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या दुकानांत मात्र सूर्यफूल, सोयाबीन आणि शेंगदाणा यांच्या रांगेत ते क्वचितच दिसते. ज्या दुकानातून मी ते घेते, तिथल्या दुकानदारांच्या सांगण्यानुसार त्यांचे मुख्य गिऱ्हाईक फरसाण बनवणारे आहेत. महाराष्ट्र हे कापसाचे मोठे राज्य असूनही कापसापासून निघणारे हे तेल आपल्या घरांत जवळजवळ अनोळखी राहिले आहे, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

तळणीसाठी हे तेल खरोखर चांगले आहे. त्याला स्वतःचा वास जवळपास नसतो, त्यामुळे कोथिंबीर वडीला कोथिंबिरीची आणि चकलीला भाजणीचीच चव राहते. धूर निघण्याचे तापमान सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअस असल्याने पुऱ्यांसाठी तेल कडकडीत तापवले तरी ते लवकर जळत नाही. फोडणीत आणि चटणीवर घालायला मात्र मी शेंगदाणा तेलच वापरते, कारण तिथे तेलाचा स्वाद हवा असतो आणि तो इथे मिळत नाही. किंमत शेंगदाणा तेलापेक्षा पुष्कळ कमी आहे.

कच्च्या सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते आणि ते शुद्धीकरणात काढले जाते. त्यामुळे हे तेल रिफाइंडच घ्यावे, घाण्याचे कच्चे तेल खाण्यासाठी आणू नये. त्यातील स्निग्धांशांपैकी सुमारे निम्मा वाटा लिनोलिक या असंतृप्त आम्लाचा आणि साधारण एक चतुर्थांश वाटा संतृप्त असतो. हे संतृप्त प्रमाण सूर्यफूल तेलाच्या दुपटीहून अधिक आहे, म्हणून ज्यांना डॉक्टरांनी पथ्य सांगितले आहे त्यांनी विचारूनच वापरावे.

या पिशवीमागच्या धोरणाचा विचार केल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करण्यासाठी, गेला की सुमारे एक तृतीयांश रुई निघते आणि उरलेला बहुतेक भाग सरकीचा असतो. आपल्याकडे बरीचशी सरकी तिच्यावरचे आखूड तंतू आणि टरफल न काढता, आहे तशीच घाण्यात घातली जाते. अशा गाळपात सरकीच्या वजनाच्या सुमारे १२ टक्के तेल हाती लागते आणि बाकीचे ढेपेत, म्हणजे जनावरांना घालतात त्या चोथ्यात, राहते. तंतू व टरफल वेगळे करून द्रावकाच्या साहाय्याने तेल काढले, तर उतारा १८ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे एका क्विंटल कापसामागे सुमारे चार किलो जास्तीचे तेल. शिवाय ते आखूड तंतू, म्हणजे लिंटर, शुद्ध सेल्युलोजचा कच्चा माल म्हणून वेगळे विकता येतात. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, तेव्हा हातात असलेले हे तेल ढेपेत सोडून देणे परवडणारे नाही.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय खाद्यतेल अभियानात, ज्यासाठी २०३०-३१ पर्यंत १०,१०३ कोटी रुपयांची तरतूद आहे, सरकी आणि तांदळाचा कोंडा यांसारख्या दुय्यम स्रोतांतून तेलाचा उतारा वाढवण्यासाठी शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था आणि उद्योगांना प्रक्रिया केंद्रे उभारण्यास वा सुधारण्यास साहाय्य देण्याचे ठरले. याखेरीज कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. तंत्रज्ञानासाठीही फार दूर जावे लागत नाही, कारण माटुंग्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४ पासून कार्यरत आहे आणि तिने सरकीवरील प्रक्रियेबरोबरच पऱ्हाट्यांपासून, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून, पार्टिकल बोर्ड, जळाऊ गोळ्या आणि अळिंबी यांच्या पद्धतीही विकसित केल्या आहेत.

हे साहाय्य मला मनापासून स्वागतार्ह वाटते, पण ते यंत्रापर्यंतच थांबते. दूध उत्पादकाला तेलकट ढेपच हवी असते, कारण तिच्यामुळे दुधाचे फॅट वाढते असा त्याचा अनुभव आहे, आणि जोवर तीच ढेप चांगल्या भावाने विकली जाते तोवर गाळप करणारा महागडे यंत्र बसवणार नाही. कमी तेलाच्या, पण अधिक प्रथिनांच्या ढेपेला पशुखाद्यात मागणी निर्माण करणे हा धोरणाचा अर्धा भाग असायला हवा. भारतीय कापूस महामंडळाचे मुख्यालय नवी मुंबईत, सीबीडी बेलापूरला आहे. हमीभावाने घेतलेल्या कापसाची सरकी हे महामंडळ ई-लिलावाने विकते. त्या लिलावातील काही हिस्सा विदर्भ-मराठवाड्यातील उत्पादक कंपन्यांच्या गाळप केंद्रांसाठी राखून ठेवता आला, तर कापसाच्या गावातच तेल निघेल.

ग्राहक म्हणून माझी तक्रार वेष्टनाबद्दल आहे. मी घेतलेल्या पिशवीवर शुद्धीकरण करणाऱ्या कारखान्याचा पत्ता आहे, पण सरकी कोणत्या राज्यातली आणि गाळप कोणत्या पद्धतीचे, याचा उल्लेख नाही. अनुदानातून उभ्या राहिलेल्या केंद्रांना तरी ही माहिती छापणे बंधनकारक करावे. विदर्भाच्या सरकीचे तेल म्हणून चार पैसे अधिक देणारे ग्राहक ठाण्यात नक्की आहेत, आणि मी त्यांतलीच एक आहे.

खरेदी करताना घटकांची ओळ अवश्य वाचावी, कारण सरकीचे नाव ठळक असलेल्या काही पिशव्यांत मिश्र तेल असते. तेल फ्रीजमध्ये ठेवल्यास गढूळ होऊ शकते. तो दोष नव्हे, त्यातील संतृप्त स्निग्धांश थंडीत गोठतात. एरवी पिशवी फोडल्यावर तेल झाकण असलेल्या स्टीलच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवावे.