मॅकबेथ की ऑथेल्लो: प्रकल्पासाठी कोणते नाटक घ्यावे?

नागपुरात इंग्रजी साहित्यात एम.ए. करणाऱ्या माझ्या भाचीला पात्रविकास आणि सत्तेची अदलाबदल या विषयासाठी दोन नाटकांपैकी एक निवडायचे आहे. रविवारी धरमपेठेतल्या घरी दोन्ही संहिता पुढ्यात घेऊन आम्ही बसलो.

आकाराने मॅकबेथ सोयीचे. शेक्सपिअरच्या शोकांतिकांत ते सर्वांत लहान. सत्तेचा प्रवासही त्यात पायरीपायरीने दिसतो. पहिल्या अंकात कचरणाऱ्या नवऱ्याला लेडी मॅकबेथ राजाच्या खुनासाठी उभे करते, तिसऱ्या अंकात सोबती सेनानी बँकोला मारण्याचा बेत तो तिला सांगतही नाही, आणि पाचव्या अंकात तीच झोपेत चालत हातावरचे न दिसणारे रक्त धूत राहते.

ऑथेल्लोतली सत्ता सिंहासनाची नसून विश्वासाची आहे, म्हणून ती पकडायला अवघड. तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश मात्र पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे: आरंभी बायकोवर विसंबलेला सेनापती ऑथेल्लो अखेरीस गुडघे टेकून सूडाची शपथ घेतो, त्याचे कान भरणारा हाताखालचा अधिकारी इयागोही शेजारी गुडघे टेकतो आणि तिथेच हवे ते पद मिळवतो. हुकूम ऑथेल्लोच्या तोंडी, पण तो इयागोने घडवलेला. इयागोची बायको एमिलिया हिचे अखेरचे बंडही सोडू नये.

मराठी रूपांतरांचा आधार दोन्हींना आहे: मॅकबेथवरून शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ (१९५४) आणि ऑथेल्लोवरून देवलांचे ‘झुंजारराव’.

वेळ कमी असेल आणि एका नात्याचा संपूर्ण आलेख काढायचा असेल, तर मॅकबेथ घ्यावे. एकेका शब्दाने माणूस कसा वळवला जातो हे तपासण्याची चिकाटी असेल, तर ऑथेल्लो. भाचीची वाचनाची सवय पाहून मी तिला ऑथेल्लोच सुचवले.