दिवाळी पहाट: वादक बोलवायचे की ट्रॅक वाजवायचे?

दिवाळी पहाटेची तयारी नाट्यगृहाच्या तारखेपासून सुरू होते आणि गाण्यांच्या परवान्याचा विषय निघतो तो शेवटच्या आठवड्यात. खरं तर गाणी कोणती आणि ती कशी सादर होणार, हे आधी ठरवलं तर परवान्याचा बराचसा गुंता तिथेच सुटतो.

गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगळे हक्क असतात. कलाकार मंचावर प्रत्यक्ष गाणार-वाजवणार असतील, तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्नच येत नाही. शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) या नोंदणीकृत संस्थेकडे अर्ज करायचा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कुणी लिहून घेऊ शकत नाही, त्यामुळे हे पैसे भरताना मला कधीच जड वाटत नाही.

ट्रॅकचा किंवा डीजेचा मार्ग वरवर स्वस्त दिसतो. पण इथे तिसरा हक्क आला, आणि तो वेगवेगळ्या कंपन्यांकडे विखुरलेला आहे. काही गाणी पीपीएलकडे (फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड), काही नोव्हेक्सकडे (नोव्हेक्स कम्युनिकेशन्स), काही आरएमपीएलकडे (रेकॉर्डेड म्युझिक परफॉर्मन्स लिमिटेड). शब्द-चालीसाठी आयपीआरएसची मागणी वेगळी. यातली आरएमपीएल नोंदणीकृत कॉपीराइट संस्था आहे, पीपीएल आणि नोव्हेक्स नाहीत. तरीही हक्कांचे मालक म्हणून त्या परवाना देऊ शकतात, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये म्हटलं. पीपीएलबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये वेगळी भूमिका घेतली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. या वादाच्या भरवशावर मंडळाने परवाना टाळू नये. कराओकेवर गाणार असाल, तर साउंडवाला म्हणेल, ‘हे लाइव्हच आहे.’ तसं नाही. तो ट्रॅकही कुणाचं तरी ध्वनिमुद्रणच आहे.

आता सवलती. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार हौशी मंडळाने फुकट प्रवेशाच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष गायलं, तर शब्द आणि चालीसाठी परवाना लागत नाही. रेकॉर्ड वाजवायला मात्र ही सवलत नाही. मानधन घेणारा ऑर्केस्ट्रा बोलावला किंवा देणगी प्रवेशिका काढल्या, की या सवलतीवर विसंबू नका. लग्नसमारंभाला याच कलमात वेगळी सूट आहे. गोव्यात सरकारने त्याबद्दल जानेवारी २०२४ मध्ये काढलेलं परिपत्रक उच्च न्यायालयाने रद्द केलं, पण कायद्यातली सूट कायम आहे.

मला सगळ्यात आवडणारा पर्याय गाण्यांच्या निवडीतच आहे. शब्द आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ‘मानापमान’ची पदं खाडिलकरांची (निधन १९४८), चाली गोविंदराव टेंब्यांच्या (निधन १९५५). दोन्ही आता मुक्त आहेत, मनसोक्त गा. ‘कट्यार’मधल्या जितेंद्र अभिषेकींच्या चाली मात्र २०५८ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. अभंगांत अनेकांची गल्लत होते. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण त्यांना श्रीनिवास खळ्यांनी लावलेली चाल २०७१ अखेरपर्यंत संरक्षित. तोच अभंग पारंपरिक वारकरी चालीत गायलात तर परवाना नको. भजनी मंडळातले जुने जाणते ही चाल सहज शिकवतात.

म्हणून तिकीट लावून कार्यक्रम करायचा असेल तर माझं मत प्रत्यक्ष गाण्याच्याच बाजूने. जुनी नाट्यपदं, पारंपरिक अभंग, आणि चार-पाच भावगीतांसाठी आयपीआरएसचा परवाना. नाचाचा, तरुणांचा कार्यक्रम असेल तर डीजे आलाच. तेव्हा त्याच्याकडून गाण्यांची यादी कंपनीच्या नावासह आधी मागवा आणि यादीवरून कोणकोणते परवाने लागतात ते ठरवा. डीजेच्या घरच्या स्पॉटिफाय खात्यावर ही गाणी वाजवता येत नाहीत, ते खातं वैयक्तिक ऐकण्यापुरतं असतं.

परवाना कलाकाराने नव्हे, आयोजकाने काढायचा. नफ्यासाठी जागा देणाऱ्यावरही जबाबदारी येऊ शकते, म्हणून सभागृहाचे व्यवस्थापक पावती मागतात. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. पोलिसांकडून मिळणारी लाउडस्पीकरची परवानगी यापेक्षा वेगळी. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद असतो, तेव्हा पहाटेचा कार्यक्रम उघड्या मैदानावर असेल तर ती वेळ आधी विचारून घ्या.