गोल रेशमी पंखा की घडीचा कागदी पंखा? चिनी निसर्गचित्र कशावर काढायचं

चिनी पद्धतीचं निसर्गचित्र, म्हणजे शानश्वे, पंख्यावर काढायचं मनात असेल तर रंग-ब्रशच्या आधी पंखा कुठला ते ठरवा. बांबूच्या कडीवर पातळ रेशीम ताणलेला गोल पंखा आणि उघडझाप होणारा घडीचा कागदी पंखा, दोन्ही सुंदरच, पण दोन्हींवर हात अगदी वेगळा चालवावा लागतो. माझं मत आधीच सांगून टाकते, धुकं, पाणी, लांबचे डोंगर हे आवडत असेल तर डोळे मिटून गोल रेशमी घ्या.

याचं कारण दक्षिण सोंग काळात सापडतं, १२वं-१३वं शतक, राजधानी आजचं हांगचौ. दरबारी चित्रकार मा युआन आणि श्या ग्वे यांच्या काळात जेमतेम २५ सेंटिमीटरच्या गोलात अख्खी दरी मावायची, कारण ते सगळं काढायचेच नाहीत. मा युआनला लोक ‘एक-कोपरा मा’ म्हणायचे आणि श्या ग्वेला ‘अर्धी-बाजू श्या’, झाड-खडक एका बाजूला आणि उरलेलं रेशीम तसंच मोकळं, तेच धुकं तेच आभाळ. बॉस्टनच्या म्युझियममध्ये श्या ग्वेचं वादळी पावसातल्या शिडाच्या होडीचं पंखाचित्र आहे, त्याचा फोटो मोठा करून नक्की बघा, गोल आकारात काय सोडायचं हे त्यावरून जितकं कळतं तितकं कुठल्या ट्युटोरियलमधून नाही कळत. (असे बरेच पंखे नंतर कडीवरून काढून अल्बममध्ये चिकटवले गेले, काहींच्या मधोमध दांडीची उभी फिकट खूण अजून दिसते, मला ती फार आवडते.)

आता प्रत्यक्ष कामाचं. रेशीम घेताना सरस आणि तुरटीचं पाणी मारलेलं घ्या, नाहीतर शाई विणीतून पसरत जाते आणि डोंगराचा डाग होतो. तुरटी मारलेल्या रेशमावर शाई लगेच शोषली जात नाही, थोडा वेळ वर राहते, म्हणून ओल्या ब्रशने कडा विरवता येते. पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, परत द्या, असे पाच-सहा थर झाले की लांबचा डोंगर खरंच लांब जातो. शिवाय रेशीम पारदर्शक, त्यामुळे मागच्या बाजूनेही रंग देता येतो आणि पुढची रेघ स्वच्छ राहते, ही सोय घडीच्या पंख्यात नाहीच. घाई मात्र चालत नाही, वरचा थर ओला असताना परत हात फिरवला की खालचं उचकटतं.

घडीचा पंखा मूळचा चिनी नाही, तो जपान-कोरियाकडून सोंग काळात आला आणि खरा रुजला मिंग काळात (१४वं ते १७वं शतक). सूचौ शहरातले चित्रकार शेन चौ, वन चंगमिंग, थांग यिन यांनी त्यावर खूप काम केलं, बऱ्याचदा सोनेरी कागदावर. यात अडचण कमानीची आहे. पाण्याची रेघ सरळ ओढली तर कडेची घरं-झाडं कलंडल्यासारखी वाटतात, सगळं कमानीला धरून वळवावं लागतं आणि ते जमायला वेळ लागतो. घड्यांवर ब्रश अडखळतो, पातळ रंग खाचेत साचतो. सोनेरी कागद तर शाई पीतच नाही, नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पण लांबट नदीकाठ, एका टोकाला डोंगर दुसऱ्या टोकाला होडी, असं दृश्य इथेच खुलतं, आणि कोरड्या ब्रशच्या तागाच्या धाग्यांसारख्या लांब रेघा साध्या कागदावर जशा उमटतात तशा रेशमावर नाहीत. रेशमावर कुऱ्हाडीच्या घावासारखे रुंद तिरके फटकारे बसतात, मा आणि श्या तेच वापरायचे. म्हणजे मऊ मातीच्या टेकड्या हव्यात की कडे-कपारी, यावरही निवड ठरते.

टिकाऊपणात कागद पुढे. कागद हजार वर्षं, रेशीम आठशे, अशी चिनी म्हणच आहे. रेशीम काळाबरोबर तपकिरी पडतं, ठिसूळ होतं. आपल्याकडच्या, त्यातून मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बुरशीची भीती दोन्हींना, तेव्हा ओल आलेल्या भिंतीवर टांगू नका, उन्हातही नको.

सुरुवातीला कडीवरचा पंखा घेण्यापेक्षा पुठ्ठ्यावर चिकटवलेलं गोल रेशीम घ्या, सपाट असल्याने हात टेकता येतो. घडीचाच हवा असेल तर काड्या न घातलेलं सपाट पान मिळतं, आधी त्यावर कमान जमवा. आणि सुलेखन चांगलं असेल तर घडीचाच पंखा घ्या, त्याच्या एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला अक्षरं अशी जुनी रीत आहे, तिथे देवनागरीत एखादी ओवीही छान बसेल.