ऑफिसच्या लॅपटॉपवर गेम: चार वाटा, आणि त्यातली तुमची कुठली

ऑफिसने दिलेला लॅपटॉप संध्याकाळी टेबलावर नुसता पडून असतो. घरच्या जुन्या मशीनपेक्षा त्याचा प्रोसेसर बरा असतो आणि मनात येतंच, टाकावा का एखादा गेम? मी काही वर्षं आयटी सपोर्टमध्ये काढली आहेत, त्यामुळे हा प्रश्न मी दोन्ही बाजूंनी पाहिलाय. एकदा 'लॅपटॉप फार स्लो झालाय' अशी तक्रार आली. रिमोटने स्क्रीन घेतली आणि खाली उजव्या कोपऱ्यात चौकोन उगवला: अमुक मित्र आता खेळतोय. फोनवर तो गप्प, मीही गप्प. मग म्हटलं, 'आधी स्टीम (गेम विकत घेण्याचं आणि चालवण्याचं ॲप) बंद करा, मग बघू.'

वाटा चार आहेत. थेट इन्स्टॉल करायचा, बाहेरच्या एसएसडीवरून (केबलने जोडायच्या वेगळ्या डिस्कवरून) चालवायचा, ब्राउझरमध्ये किंवा क्लाउडवर खेळायचा, नाहीतर खेळायला वेगळं यंत्र घ्यायचं. लोक या चौघांना 'पकडले जाऊ का' या एकाच मापाने मोजतात. मला ते माप तोकडं वाटतं. मशीन कुणाचं, त्यावर डेटा कुणाचा आणि बिघडलं तर निस्तरणार कोण, हे आधी बघावं.

थेट इन्स्टॉलची पहिली अडचण ॲडमिन पासवर्डची. तो तुमच्याकडे नसेल तर स्टीमचा इन्स्टॉलरच पुढे सरकत नाही आणि विषय तिथेच संपतो. असेल, तरी 'माझ्याकडे पासवर्ड आहे' म्हणजे 'मला परवानगी आहे' असं नव्हे. कंपनीचं डिव्हाइस मॅनेजमेंट (लॅपटॉपवर दुरून लक्ष ठेवणारी प्रणाली) चालू असेल तर इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमची यादी आपोआप आयटीकडे जाते. कुणी मुद्दाम पाळत ठेवायची गरज नसते. नंतर अनइन्स्टॉल केलं तरी नोंद राहते.

पण गेम-गेममध्येही फरक आहे, आणि तो बहुतेक जण लक्षात घेत नाहीत. एकट्याने खेळायचा, ओळखीच्या स्टोअरवरून विकत घेतलेला छोटा गेम तसा निरुपद्रवी. स्टारड्यू व्हॅलीला ५०० एमबी जागा पुरते. बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी लागते, म्हणजे २५६ जीबीच्या डिस्कवर आउटलुकला श्वास घ्यायलाही जागा उरायची नाही. जागेचं एकवेळ जमवता येतं. खरी काळजी ऑनलाइन स्पर्धेच्या गेमची. त्यांच्यासोबत येणारी अँटी-चीट (फसवून खेळणाऱ्यांना पकडणारी) प्रणाली अनेकदा थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या सर्वांत आतल्या गाभ्यात, बसते. २०२० मध्ये व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम आला तेव्हा त्याचा अँटी-चीट, व्हॅनगार्ड, विंडोज सुरू होतानाच जागा होत होता, गेम उघडा किंवा उघडू नका. म्हणजे ज्या मशीनवर ग्राहकांच्या फाइली आहेत, तिथे सर्वांत खोलवरचा अधिकार तुम्ही एका गेमला दिलात. २०२२ मध्ये गेन्शिन इम्पॅक्टचा अँटी-चीट ड्रायव्हर हल्लेखोरांनी अँटीव्हायरस बंद पाडायला वापरला होता, तोही गेम इन्स्टॉल नसलेल्या मशीनवर स्वतःच नेऊन टाकून. अशी फाइल ऑफिसच्या मशीनवर दिसली की सुरक्षा विभाग आधी हल्ल्याचाच संशय घेणार. त्याच वर्षी डार्क सोल्स ३ मध्ये अशी चूक सापडली की ऑनलाइन खेळणाऱ्याच्या संगणकावर दुसऱ्याला हवा तो कोड चालवता येत होता. पीसीचे सर्व्हर कित्येक महिने बंद ठेवावे लागले.

क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेल्या, गेमबद्दल एकच शब्द: नको.

बाहेरच्या एसएसडीवरून खेळणं ही हुशार लोकांची आवडती वाट. त्यात दोन प्रकार येतात. एकात फक्त गेमच्या फाइली बाहेर ठेवतात. त्याने जागा वाचते, पण स्टीम, त्याची सर्व्हिस आणि ड्रायव्हर आतच राहतात. म्हणजे वरचं सगळं जसंच्या तसं लागू. दुसऱ्यात अख्खी वेगळी विंडोज किंवा लिनक्स बाहेरच्या ड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करतात. कागदावर हे सुंदर दिसतं. ऑफिसच्या डिस्कला हात लागत नाही, माग उरत नाही. पण बहुतेक कंपन्या बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगला) पासवर्ड घालतात किंवा यूएसबीवरून बूट बंद ठेवतात. आणि समजा तुम्ही त्यात बदल करू शकलात, तर सकाळी कामाला बसताना निळ्या पडद्यावर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती की असते आयटीकडे. नऊच्या मीटिंगआधी तिथे फोन लावून 'काल बूट सेटिंग का बदललं' हे सांगायचं म्हणजे माग न ठेवणारी वाट तुम्हाला थेट त्यांच्या दारात घेऊन आली. चारही वाटांत ही मला सर्वांत वाईट वाटते, कारण यात लपवण्याचा हेतू उघड दिसतो. साध्या इन्स्टॉलला निदान 'माहीत नव्हतं' म्हणता येतं.

ब्राउझरची गोष्ट निराळी. लीचेस या वेबसाइटवर दहा मिनिटांचा बुद्धिबळाचा डाव खेळायला काही इन्स्टॉल करावं लागत नाही. मशीनला धोका जवळजवळ नाही. उरतो तो वेळेचा प्रश्न, आणि तो ऑफिसागणिक वेगळा. सॉलिटेअर १९९० पासून विंडोजसोबतच येत होता, तरी २००६ मध्ये न्यूयॉर्कचे तत्कालीन महापौर ब्लूमबर्ग यांनी एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावर तो पाहिला आणि त्याची नोकरी गेली. इन्स्टॉल न करणं म्हणजे सुटका नव्हे, एवढं त्यातून घ्यावं.

क्लाउड गेमिंग त्याच वाटेचा मोठा भाऊ. गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो, तुमच्याकडे फक्त व्हिडिओ येतो, त्यामुळे साध्या ग्राफिक्सच्या लॅपटॉपवरही मोठे गेम दिसतात. जीफोर्स नाउ ही अशी एक सेवा १०८० पिक्सेलला सेकंदाला ६० फ्रेमसाठी २५ एमबीपीएस मागते. हिशेब करा: तासाला साधारण ११ जीबी. ऑफिसचा व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारा खासगी मार्ग) चालू राहिला आणि सगळी वाहतूक त्यातूनच जात असेल, तर ते ११ जीबी कंपनीच्या गेटवेतून जाणार. महिन्याच्या आलेखात तुमचं नाव सुळक्यासारखं वर आलेलं दिसेल. शिवाय व्हीपीएनच्या वळशाने लॅग वाढतो आणि नेमबाजीचा गेम असेल तर तुम्ही वळेपर्यंत मेलेले असता.

तुम्ही फ्रीलान्सर असाल आणि मशीन तुमचंच असेल तर? तेव्हा इन्स्टॉल चालेल, पण क्लायंटच्या करारात उपकरणाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. गेमसाठी वेगळं विंडोज खातं उघडलं की झालं, असं पुष्कळ जण मानतात. त्याने फाइली वेगळ्या राहतात, पण ॲडमिन अधिकाराने बसलेला ड्रायव्हर खातं बघत नाही, तो सगळ्यांना सारखाच. कामाच्या विंडोजची डिस्क बिटलॉकरने बंद करून गेमसाठी दुसरी विंडोज वेगळ्या डिस्कवर ठेवणं त्यापेक्षा पुष्कळ बरं. अँटी-चीटवाले गेम हवेत, तर अशा मशीनवर माझी हीच अट असेल.

नोकरीतल्या माणसाला मात्र मी चौथी वाटच सांगेन: फोन, सेकंडहँड लॅपटॉप किंवा स्टीम डेकसारखं हातातलं यंत्र. खर्च होतो, हे खरं. पण मॉनिटर, कीबोर्ड, हेडफोन तुमच्याकडे असतीलच, नवा फक्त डबा, म्हणजे यंत्र, घ्यायचा. आणि डबा घ्यायचाच नसेल, ऑफिसच्याच मशीनवर खेळायचं असेल, तर आयटीला दोन ओळींचा मेल टाका, गेमचं नाव लिहून. मला असे मेल येत. निम्म्यांना मी 'एकट्याने खेळायचा असेल तर हरकत नाही' असं मॅनेजरला सीसी करून लिहिलं होतं. ज्यांनी विचारलं नाही, त्यांचे लॅपटॉप मात्र फॉरमॅटला आले.

माझ्या टेबलावर एकाच मॉनिटरला दोन केबल आहेत. ऑफिसचा लॅपटॉप एचडीएमआयवर, माझा जुना डबा डिस्प्लेपोर्टवर. इनपुट बदलायचं बटण मॉनिटरच्या मागे, खालून दुसरं. त्यावरचं चिन्ह आता पार पुसून गेलंय.