मुलींच्या अंडाशयाचा कॅन्सर: शेक की केमो?

लहान मुलींच्या अंडाशयातल्या कॅन्सरच्या गाठी बहुतेक वेळा बीजपेशींच्या (ज्यांच्यापासून बीजांडं बनतात त्या पेशींच्या) असतात, मोठ्या बायकांसारख्या आवरणपेशींच्या (अंडाशयावरच्या पातळ थरातल्या पेशींच्या) नव्हेत. त्यातली डिसजर्मिनोमा ही गाठ रेडिएशनला, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘शेक’ म्हणतात त्याला, लोण्यासारखी विरघळते. म्हणून पूर्वी शस्त्रक्रियेनंतर पोटाला शेक देत. गाठ जायची, पण किंमत जबर. बीजांडं इतकी नाजूक की २ ग्रेपेक्षाही (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं एकक) कमी मात्रेत त्यांतली निम्मी मरतात, आणि गाठीसाठी मात्रा लागते त्याच्या कितीतरी पट. दुसरं अंडाशय वाचलं तरी पाळीचा, मूल होण्याचा प्रश्न उरतोच. वाढत्या वयात कंबरेच्या हाडांची वाढ खुंटते, गर्भाशय लहान राहू शकतं. आठ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हा हिशेब फार लांबचा.

१९७० च्या दशकात सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आलं आणि पारडं फिरलं. आता सिस्प्लॅटिन, इटोपोसाइड, ब्लिओमायसिन हे त्रिकूट चालतं. बाधित अंडाशय तेवढं काढतात, दुसरं आणि गर्भाशय बहुधा ठेवतात. पुढे पाळी बहुतेकींना येते. केमो निरुपद्रवी आहे असं मात्र कुणी समजू नये: सिस्प्लॅटिनने कान आणि मूत्रपिंडं, ब्लिओमायसिनने फुप्फुसं दुखावतात, श्रवणचाचणी टाळूच नये.

माझा कौल केमोकडे. औषधांना न जुमानणाऱ्या किंवा मेंदूत पसरलेल्या आजारात मात्र शेक अजून कामी येतो. आणि गाठ एकाच अंडाशयात, पूर्ण निघालेली असेल, तर अनेकदा शेक आणि केमो दोन्ही नकोत. रक्तातल्या एएफपीसारख्या खुणांवर (काही गाठी रक्तात सोडतात त्या प्रथिनांवर) आणि सोनोग्राफीवर नजर ठेवणं पुरतं.