ब्लेंडरवर तीन मिनिटांची फिल्म : नऊ महिन्यांनंतर

नोकरी सांभाळून, रात्री आणि रविवारी, नऊ महिने ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर फिल्म करतोय. अंधाऱ्या स्वयंपाकघरात चुलीपुढे बसलेली आजी आणि अंगणात भिजणारं मांजर, एवढीच गोष्ट. ब्लेंडरची ४.२ एलटीएस (जास्त काळ सांभाळली जाणारी) आवृत्ती घेतली आणि तिच्यावरच राहिलो. दोन वर्षं दुरुस्त्या मिळतात, आणि मध्येच आवृत्ती बदलून रिग (पात्राला हलवणारा आतला सांगाडा) बिघडवून घ्यायची हौस नाही.

ॲनिमेशनबद्दल तक्रार नाही. आधी की-फ्रेम (हालचालीतल्या ठळक पोझ) ‘कॉन्स्टंट’वर, म्हणजे मधली हालचाल न भरता, ठेवून पोझ आणि टायमिंग पक्कं करायचं, मगच ‘बेझिये’, म्हणजे मधली हालचाल सलग, करायचं. मी घाई केली, आणि आजी पाण्यात तरंगल्यासारखी हलायला लागली. ग्राफ एडिटरमध्ये हालचालीचे कर्व्ह ओढून तिला जमिनीवर आणण्यात महिना गेला.

खरा घाम काढला तो रेंडरने, म्हणजे दृश्याची एकेक फ्रेम चित्र म्हणून काढण्याने. १८० सेकंद, सेकंदाला २४, म्हणजे ४३२० फ्रेम. सायकल्स या ब्लेंडरच्या अचूक पण संथ रेंडर इंजिनला माझ्या लॅपटॉपवर फ्रेममागे साधारण ४ मिनिटं. २८८ तास, म्हणजे सलग बारा दिवस-रात्र! ईव्ही या त्याच्याच झटपट इंजिनला १२ सेकंद. सगळं मिळून साडेचौदा तासांच्या आत. ऑस्कर मिळालेला लाटव्हियाचा ‘फ्लो’ हा ॲनिमेशनपट ईव्हीतच रेंडर झालाय, त्यामुळे अंगणाचे शॉट बिनधास्त तिथे टाकले.

चुलीचे मात्र सायकल्समध्येच. निखाऱ्यांनाच उजेड द्यायला लावला होता, तर भिंतीवर पांढरे ठिपके. डीनॉइज केलं (ठिपके सॉफ्टवेअरने पुसले) की स्थिर चित्र झकास दिसतं, पण प्रत्येक फ्रेम वेगळी साफ होत असल्याने चालू शॉटमध्ये भिंत खदखदते. शेवटी चुलीत एक एरिया लाइट (पसरट दिवा) लपवला, सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलसाठी तपासले जाणारे प्रकाशकिरण) वाढवले, तेव्हा भिंत शांत झाली.

थेट व्हिडिओ फाइल काढू नका. पहाटे वीज गेली आणि रात्रभराचं रेंडर उघडेचना. आता पीएनजी सिक्वेन्सच, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्र-फाइल. आउटपुटमध्ये ‘ओव्हरराइट’ (असलेल्या फाइलवर पुन्हा लिहिणं) बंद आणि ‘प्लेसहोल्डर्स’ (चालू फ्रेमची रिकामी फाइल आधीच ठेवणं) चालू ठेवलं की दोन मशीन एकाच शेअर केलेल्या फोल्डरमध्ये फ्रेम वाटून घेतात. धाकट्याचा गेमिंग पीसी असा कामाला लागला. (भाडं म्हणून दर रविवारी मिसळ.)

एक गणित चुकलं. ईव्हीचं अंगण आणि सायकल्सचं स्वयंपाकघर कटमध्ये शेजारी आले की सावल्यांचा पोत बदललेला कळतो. म्हणून दारातले चार शॉट पुन्हा सायकल्सला लावलेत. तिसरा चालू आहे, फ्रेम ६१. खालून हवा लागावी म्हणून लॅपटॉप चार पालथ्या वाट्यांवर ठेवलाय.